डाव्या पायाची दुमड

जगात सरळ माणूस नसतो, असं आमच्या मास्तरांचं ठाम मत होतं. ते मत टेप लावून बनलेलं होतं. कुणाचा उजवा खांदा उतरलेला, कुणाचा एक हात लांब, कुणाचं पोट मधोमध न राहता एका बाजूला सरकलेलं. आरशासमोर छाती काढून उभं राहिलेलं गिऱ्हाईक स्वतःला खांबासारखं ताठ समजत असतं, आणि मास्तर त्याच्या पाठीमागे टेप धरून गालातल्या गालात हसत असतात.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध शाळेनंच फार लवकर तोडला होता. पण शिंप्याच्या दुकानात शिवणारे कितीही असोत, टेबलाशी उभा राहून कात्री चालवतो त्यालाच मास्तर म्हणतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काच, काचेमागे बिनडोक्याचा पुतळा, मध्ये कमरेएवढं उंच टेबल, भिंतीशी दोन मशिनं, आणि मागच्या दारातून पाऊल टाकलं की थेट स्वयंपाकघर. मास्तरांचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. त्यामुळे घरात आणि दुकानात माणसं दोनच, मास्तर आणि त्यांची सून. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि पलीकडच्या चौकातल्या इस्पितळात एक्स-रे काढते. मास्तरांनी माझं नाव ठेवलं होतं फोटोवाली.

“तू माणसाच्या आतलं उघडं पाडतेस, मी वरून झाकतो,” ते म्हणायचे. “आपलं जमणं कठीण आहे पोरी.”

झाकणं हीच त्यांची खरी कला. उतरलेल्या खांद्याखाली ते आतून कापसाची पातळ गादी घालत. एक पाय आखूड असेल त्याच्या पॅन्टची त्या बाजूची दुमड बोटभर वर घेत. गिऱ्हाईक दुकानातून निघायचं ते जन्मात पहिल्यांदा सरळ होऊन, आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा. गिऱ्हाइकाला त्याचं वाकडेपण सांगायचं नाही, हा मास्तरांचा दंडकच होता. “माणूस कोट शिवायला येतो, स्वतःचा पंचनामा करायला नाही.”

पण मापं तर लिहायला हवीत. मास्तर मोठ्यानं आकडे सांगत आणि सूनबाई लिहून घेत. गिऱ्हाईक समोर उभं असताना ‘डावा खांदा खाली’ असं कसं म्हणणार? त्यासाठी मास्तर खोकत. एक खोकला म्हणजे उजवी बाजू कमी, दोन खोकले म्हणजे डावी. सूनबाई मान वर न करता आकड्यापुढे एक किंवा दोन ठिपके द्यायच्या. इतकी वर्षं हे चाललं होतं की मास्तरांचा घसा त्यांच्या जिभेपेक्षा प्रामाणिक झाला होता. चुकीचं माप बोललं की खोकला आपोआप यायचा. मलाही हे फार उशिरा कळलं. तोवर मी भाबडेपणानं छातीचा फोटो काढून घ्या म्हणून त्यांच्या मागे लागायची.

मास्तर पडले तेही धंद्यातच. एका नवरदेवाचा कोट पहिल्यांदा अंगावर घालून बघायचा होता. कोट कच्च्या टाक्यांवर, एक बाही लावलेली, दुसरी टाचण्यांनी अडकवलेली. मास्तरांची सवय अशी की खांदा बघायचा तर एक डोळा मिटून, मान तिरकी करून, मागे मागे सरकत जायचं. “चित्र लांबून बघतात आणि खांदाही,” असं ते म्हणत. त्या दिवशी मागे इस्त्रीची वायर होती. मास्तर एक डोळा मिटलेल्या अवस्थेतच आडवे झाले. उठायला गेले तर डावा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

नवरदेव घाबरून त्यांना उचलायला वाकला, तसे मास्तर जमिनीवरून म्हणाले, “हात वर करू नकोस. बाही उसवेल.”

रुग्णवाहिका आली तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांनी शेवटची सूचना दिली, “सूनबाई, आधी त्याच्या टाचण्या काढ.”

पहिला फोटो मीच काढला. मांडीचं हाड वरपर्यंत सरळ जाऊन संपत नाही. वर गेल्यावर ते आत वळतं, तिथं त्याची मान असते आणि मानेच्या टोकाला गोळा, जो कमरेच्या वाटीत फिरतो. मास्तरांचं हाड त्या वळणाच्या जरा खाली मोडलं होतं, आणि नुसतं मोडलं नव्हतं, तुकडे झाले होते. सर्जन तरुण होते, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी मोठा स्क्रू मानेतून गोळ्यात घातला, तो बाहेरून धातूच्या एका पट्टीला जोडला, आणि पट्टी मांडीच्या हाडाला बसवली.

घरी सोडताना त्यांनी मास्तरांना बजावलं. “आजोबा, हा पाय जमिनीला नुसता टेकवायचा. भार टाकायचा नाही, मी सांगेपर्यंत. पाय थोडा आखूड होईल, तुकडे एकमेकांत बसतात म्हणून. पण जास्त वाटला, किंवा जांघेत दुखायला लागलं, तर लगेच यायचं.”

मास्तरांनी यातला एकच शब्द मनावर घेतला. “आजोबा म्हणाला मला,” ते वाटेत सूनबाईंना म्हणाले. “स्वतःच्या शर्टाची कॉलर बघ म्हणावं, मांजरानं चघळल्यासारखी आहे.”

घरी आले आणि दारातच थांबले. वॉकर धरून तसेच उभे राहिले. टेबलावर शाळेच्या ब्लेझरचं निळं कापड पसरलेलं होतं, त्यावर खडूच्या रेघा होत्या, आणि सूनबाईंच्या हातात कात्री होती. त्यांची कात्री. काळ्या मुठीची, वजनदार, जी ते कुणाला कागद कापायलाही देत नसत.

“शाळा थांबली नसती बाबा,” सूनबाई म्हणाल्या. “कुणीतरी कापायला हवं होतं.”

“मी कुठे काय म्हणालो?”

“म्हणत नाही आहात, पण बघताय.”

मास्तरांनी ब्लेझर मागवले. पलंगावर बसून एक एक तपासला. अस्तर ओढून पाहिलं, कॉलर उलटी केली, खांद्याची शिवण नखानं चाचपली. सगळे पाहून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. एकही चूक सापडली नव्हती, हाच खरा धक्का होता.

मला त्यांनी दुसऱ्या दिवशी हळूच सांगितलं, “पोरी, शिंप्याच्या घरी म्हातारपण कसं येतं माहीत आहे? आधी कात्री जाते. मग मशीन जातं. मग तुला एका स्टुलावर बसवून हातात बटणांची डबी देतात. मी माझ्या उस्तादाला त्या स्टुलावर बघितलंय. काज करता करता तिथंच डुलक्या घ्यायचा.”

“तुम्हाला कोण बसवतंय स्टुलावर?”

“स्टूल आणलंय तिनं. काल. म्हणते, बसायला बरं पडेल तुम्हाला.”

स्टूल खरोखरच आणलं होतं. चांगलं उंच, पाठीला टेकू असलेलं. मास्तर त्याच्याकडे असं बघायचे जणू ते दाराशी बांधलेलं कुत्रं आहे आणि कधीही चावेल.

तर मास्तरांच्या दृष्टीनं प्रश्न सरळ होता. टेबलाशी उभं राहायचं, तेही लवकर, सूनबाईंचा हात कात्रीला सरावण्याआधी. दुपारी सूनबाई अस्तर आणि बटणं आणायला बाजारात जायच्या किंवा तयार कपडे पोचवायला. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्या की मास्तर वॉकर टेबलाला टेकवून ठेवत आणि उभे राहात. आधी थोडा वेळ, मग जास्त. कात्री चालवताना अंग पुढं झुकतं आणि भार आलटून पालटून दोन्ही पायांवर जातो, ते शिंप्याला थांबवता येत नाही. परतलेल्या सूनबाईंना मास्तर पलंगावर सापडायचे, चादर गळ्यापर्यंत, चेहऱ्यावर आजाऱ्याचा भाव. फक्त चादरीवर कधी कधी खडूची भुकटी असायची.

“हे काय?”

“भिंतीचा चुना पडतोय. तुझ्या नवऱ्याला सांग, आला की रंग दे म्हणावं.”

भिंत गुलाबी होती. पण सूनबाईंना त्या दिवशी बाह्या लावायच्या होत्या, त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

पुढं काही आठवड्यांनी मास्तरांच्या लक्षात आलं की पॅन्टचा डावा पाय जमिनीला लागतोय. उजवा बुटाच्या टाचेवर बरोबर थांबायचा आणि डावा खाली लोळायचा. दुसऱ्या कुणी अशा वेळी पायाकडे बघितलं असतं. मास्तरांनी पॅन्टकडे बघितलं. कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पाय लहान असला तर पॅन्ट लहान करायची, बोलायचं नाही. त्यांनी सुईदोरा घेतला, डावी दुमड बोटभर वर घेतली, आतून बारीक हातशिलाई घातली आणि आरशात पाहिलं. दोन्ही पाय सारखे. मास्तर समाधानानं झोपले.

थोड्या दिवसांनी पुन्हा लोळायला लागला. यावेळी त्यांनी दुसरी पॅन्ट घेतली आणि आणखी थोडी दुमड घातली. मग तिसरी. बुटात जुन्या कोटाच्या खांद्यातली कापसाची गादी घातली. जांघेत कळ यायची तेव्हा ते शीळ घालत, आणि सूनबाई मला म्हणायच्या, “बाबा हल्ली खुशीत असतात.” एक मात्र बदललं होतं. मास्तर आपल्या पॅन्टला स्वतःच इस्त्री करायला लागले होते. स्टुलावर बसून.

“तेवढी तरी मदत,” ते म्हणायचे.

सूनबाईंना गहिवरून आलं होतं म्हणे.

मग तपासणीचा दिवस आला. सर्जननी सांगून ठेवलं होतं, आधी फोटो आणि मग मला भेटा. मास्तरांनी काय करावं? मला सकाळी जिन्यात गाठून म्हणाले, “डॉक्टर म्हणाले या खेपेला फोटो नको. पुढच्या वेळी.” आणि सर्जनना म्हणाले, “फोटोवालीचं मशीन बंद आहे. आमच्याच इमारतीत राहते ती, उद्या काढून तुमच्याकडे पाठवते.” शेजारी असण्याचे फायदे असतात, ते त्यांनी असे घेतले.

सर्जननी त्यांना वॉकर धरून चालायला लावलं. पॅन्टचे पाय दोन्ही बुटांवर सारखे पडत होते. बाहेरच्या बाकांवर बरीच माणसं खोळंबली होती, सर्जन घाईत होते.

“जांघेत दुखतं का?”

“छे.”

“दोन्ही पाय सारखे वाटतात?”

“एकदम सारखे,” मास्तर म्हणाले, आणि खोकले. दोनदा.

सर्जननी पाण्याचा पेला पुढं केला. पण दाराशी पिशवी धरून उभ्या असलेल्या सूनबाईंचा हात आपोआप हलला. त्या मला नंतर म्हणाल्या, “अगं, मी हवेत दोन ठिपके दिले. आणि मग माझंच मला कळलं की मी काय लिहिलं.”

घरी आल्यावर त्यांनी मास्तरांना चहा दिला, पलंगावर टेकवलं, आणि झोप लागल्याची खात्री करून दोरीवरच्या पॅन्टी काढल्या. शिंप्याच्या घरात पॅन्टची घडी एकाच तऱ्हेनं होते. दोन्ही पाय एकमेकांवर ठेवायचे, शिवणीला शिवण जुळवायची, मग इस्त्री. त्यांनी पहिली पॅन्ट टेबलावर ठेवली. डावा पाय बोटभर कमी. दुसरी ठेवली, त्यात जास्त. तिसरी ठेवली आणि त्या तिथंच मशीनच्या खुर्चीवर बसल्या.

संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या, हातावर तीन पॅन्टी टाकून.

“बाबांचा फोटो काढलास?”

“नाही. डॉक्टरांनीच नको सांगितलं ना?”

“डॉक्टरांना सांगितलंय की तुझं मशीन बंद आहे.”

मग सूनबाईंना हसू आलं. मलाही आलं, आणि लगेच जिरलं, कारण मला त्या तीन दुमडींचा अर्थ कळत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना मशीनखाली झोपवलं तेव्हा ते माझ्याशी बोलत नव्हते. “विश्वासघातकी,” एवढंच छताला म्हणाले. फोटो पडद्यावर आला. पट्टी जागच्या जागी होती, तिचा एकही स्क्रू हलला नव्हता. पण मान वाकून खाली आली होती, आणि मोठ्या स्क्रूचं टोक गोळ्याचं हाड कापत वरच्या बाजूला जवळजवळ बाहेर निघालं होतं. साबणाच्या वडीतून तार ओढावी तसं.

सर्जननी टेबलावर एका बाजूला फोटो ठेवले आणि सूनबाईंनी दुसऱ्या बाजूला पॅन्टी ठेवल्या, क्रमानं. सर्जननी फोटो पाहिले, पॅन्टी पाहिल्या, दुमडींवरून बोट फिरवलं.

“हे कुणाच्या लक्षात आलं?”

“इस्त्री करताना,” सूनबाई म्हणाल्या. खोकल्याचं त्या बोलल्या नाहीत. धंद्यातल्या गोष्टी बाहेर सांगत नाहीत.

“हातशिलाई सुंदर आहे,” सर्जन म्हणाले. मास्तर नाही म्हटलं तरी सुखावले. “आजोबा, यातली पहिली दुमड घालताना आला असतात तर गोष्ट वेगळी होती.”

“मला आजोबा म्हणू नका. मास्तर म्हणा,” मास्तर म्हणाले. “आणि एक सरळ सांगा. शिलाई चुकली, की कापड विरलेलं होतं?”

सर्जनना प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “कापड विरलेलं होतं, हे खरं. या वयात गोळ्याच्या आतलं हाड पोकळ होत जातं. आणि मोडलं तेही अवघड जागी. तिथं भार सरळ खाली जात नाही. शरीराचं वजन येतं आतल्या बाजूनं आणि हाड असतं बाहेरच्या बाजूला, म्हणून प्रत्येक पावलाला ती मान वाकायला बघते. त्यात आतल्या बाजूचा तुकडा, जो खालून टेकू देतो, तोच फुटलेला होता.”

“म्हणजे दोष कापडाचा.”

“पूर्ण नाही.” सर्जननी पहिल्या ऑपरेशननंतरचा फोटो वर धरला. “हा स्क्रू गोळ्याच्या मधोमध आणि खोलवर हवा होता. तिथं हाड त्यातल्या त्यात घट्ट असतं. माझा जरा वर बसला. त्यावेळी मला वाटलं चालेल.”

मास्तर पुढं वाकून बघायला लागले. “बटण काठाला लावल्यासारखं झालं.”

“तसंच.”

“मग दोरा तुटत नाही. दोरा पक्का असतो. कापडच फाटत जातं.”

“अगदी असंच. स्क्रू शाबूत आहे तुमचा, गोळा उसवलाय. शिवाय हे धातूचं सगळं कायम ओझं वाहायला नसतंच. हाड जुळेपर्यंत तुकडे धरून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. शर्यतच असते ती. हाड आधी जुळलं तर जिंकलो. त्याआधी भार पडत राहिला तर कधी स्क्रू हाड कापत निघतो, कधी पट्टीच थकून मोडते.”

“कच्चे टाके,” मास्तर पुटपुटले.

“काय?”

“पक्की शिवण घालण्याआधी तुकडे जागेवर राहावेत म्हणून घालतात ते,” सूनबाईंनी समजावलं. “शिवण झाली की त्यांचं काम संपलं.”

सर्जननी मान हलवली. “मग मास्तर, कच्च्या टाक्यांचा कोट घालून तुम्ही किती दिवस फिरलात?”

सूनबाईंनी पिशवीतून तिसऱ्या पॅन्टबरोबरचा बूट काढला, त्यातून कापसाची गादी बाहेर ओढली आणि टेबलावर ठेवली. गादीवर खडूची निळी भुकटी होती.

“आमची भिंत गुलाबी आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या लक्षात आलं काल.”

पुढचं सर्जननी थोडक्यात सांगितलं. आता तो स्क्रू पुन्हा घट्ट करून भागणार नव्हतं, कारण ज्यात घट्ट करायचा ते हाडच उरलं नव्हतं. सगळा धातू काढायचा, गोळा काढायचा, त्या जागी नवा गोळा आणि नवी वाटी बसवायची. मोठं ऑपरेशन. पण त्यानंतर लवकर उभं राहता येईल. नाही केलं तर स्क्रूचं टोक वाटीत घासत राहील, पाय आणखी वर जाईल, आणि मग उभं राहणं विसरायचं.

“राहू दे,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“आहे तसं राहू दे. मी दुमड घालत जाईन.”

“कुठवर, मास्तर? गुडघ्यापर्यंत?”

सर्जन माझ्याकडे बघायला लागले, मी सूनबाईंकडे. सूनबाई मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बाबा, पुन्हा काही महिने टेबल माझ्याकडे राहील म्हणून नको म्हणताय ना?”

“तुला हवंच आहे ते.”

“हवंय. खोटं कशाला बोलू? रोज दुपारी त्या कात्रीकडे बघत मी तुमच्याच दुकानात बटणं लावलीत. पण मला जमत नाही ना.”

“ब्लेझर कापलेस की. मी तपासले. एक चूक नव्हती.”

सूनबाईंनी ओठ दाबले. मग म्हणाल्या, “त्यातले खांदे माझे नव्हते.”

“म्हणजे?”

“खांदा मला उतरतच नव्हता. दोनदा कापड वाया गेलं. मग तुमचा जुना करडा कोट आहे ना, कपाटातला, तो मी उसवला. खांद्याचे तुकडे कागदावर ठेवून रेघ मारली आणि पोरांच्या मापानं लहान करत गेले.” त्यांचा आवाज खाली गेला. “सगळ्या शाळेच्या अंगावर तुमचा खांदा आहे.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, कारण करडा कोट त्यांच्या लग्नातला होता. मग तो राग कुठंतरी वाटेत थांबला. त्यांच्या कानांच्या पाळ्या हलल्या. पाठ ताठ झाली.

“तरीच,” ते म्हणाले. “तरीच चूक सापडत नव्हती.”

“मी पुन्हा शिवून ठेवते कोट.”

“तू शिवशील? खांदा उसवून परत बसवायचा म्हणजे काय खेळ आहे?” मग सर्जनकडे वळून, जणू हे सगळं सर्जनच लांबवत होते, “किती दिवसांनी उभं करता मला? माझ्या दुकानात उसवलेला कोट पडलाय.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन त्यांच्या पायांची मापं घेत होते. मास्तरांनी पडल्या पडल्या टेप मागून घेतली, कारण सर्जनची पकडायची पद्धत त्यांना आवडली नव्हती. “टेप ओढायची नसते, टेकवायची असते.” सर्जननी हसून त्यांना मोजू दिलं आणि मग स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा मोजलं. वर हेही सांगून ठेवलं की नव्या गोळ्यानं पाय लांब होईल, पण अगदी सुताला सूत जुळेलच असं नाही.

“एखादं सूत चालतं,” मास्तर म्हणाले. “माणूस आहे, पुतळा नाही.”

ऑपरेशननंतर या खेपेला मास्तरांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं. म्हणजे बरंचसं. पायावर पाय टाकून बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, काठी सोडायची नाही. सोडली की सूनबाई टेबलापलीकडून नुसत्या खोकायच्या, आणि मास्तर काठी उचलायचे. मी फोटो काढायला बोलावलं की घरचं कार्य असल्यासारखे आधी येऊन बसायचे. पडद्याकडे बघून विचारायचे, “बसलाय ना मधोमध?”

पॅन्टींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पाय पुन्हा खाली आला तेव्हा तिन्ही पॅन्टी डावीकडे आखूड पडायला लागल्या. पण मास्तर कधी कापड कापून टाकत नसत, आत दुमडून ठेवत. सूनबाईंनी एका दुपारी तिन्ही दुमडी उसवल्या. कापड होतं तेवढं निघालं, फक्त दुमडीच्या रेघा राहिल्या. त्या इस्त्रीनंही गेल्या नाहीत. मास्तर त्याच पॅन्टी घालून फिरतात. कुणी विचारलं तर म्हणतात, हल्ली तशी तऱ्हा आहे.

मध्ये एकदा सर्जन दुकानात आले. तपासायला नाही, कोट शिवायला. त्यांना कुठल्याशा सभेत बोलायचं होतं. मी पलीकडे माझा कामाचा झगा आखूड करून घेत बसले होते. मास्तरांनी त्यांना आरशासमोर उभं केलं, काठी टेबलाला टेकवली, टेप लावली आणि आकडे सांगायला सुरुवात केली. छाती. कंबर. पाठ. मग दोन्ही खांद्यांवर हात ठेवून थोडा वेळ थांबले.

“खांदे?” सूनबाईंनी विचारलं.

“एकदम सारखे,” मास्तर म्हणाले. आणि एकदा खोकले.

सूनबाईंनी एक ठिपका दिला. सर्जननी वळून पाहिलं. “मास्तर, हा खोकला तुम्हाला त्या दिवशीही होता. छातीचा फोटो काढून घ्या एकदा.”

“काढू या,” मी म्हणाले. “मशीन चालू आहे.”

मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी झग्याची बटणं मोजायला लागले.

कापड टेबलावर पसरलं. गडद करड्या रंगाचं, चांगलं जड. मास्तरांनी ड्रॉवर उघडून कात्री काढली, हातात तोलली, आणि टेबलावरून सूनबाईंकडे सरकवली.

“खांदा तू काप.”

“मी? डॉक्टरांचा?”

“त्यांनी माझा पाय दोनदा कापला. आपण एकदाच कापायचंय. माझ्या कोटावरून रेघ मारायची नाही, डोळ्यांनी काप.”

सूनबाईंनी खडू घेतला. हात पुसला, पुन्हा घेतला आणि रेघ ओढायला लागल्या. मास्तरांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि ते मागे मागे सरकायला लागले. इस्त्रीची वायर आता खिळ्याला गुंडाळलेली असते. तरी सूनबाईंनी मान वर न करता डाव्या पायानं स्टूल त्यांच्या मागे ढकललं. मास्तर त्यावर बसले ते कळायच्या आतच.

“उभ्यानं बघायचं असतं,” ते कुरकुरले.

“हं,” सूनबाई म्हणाल्या.

पण उठले नाहीत. पाठीला टेकू बरा होता. रेघ उजव्या खांद्यापाशी आली, तिथं जराशी खाली उतरली, आणि मास्तरांनी मिटलेला डोळा उघडला.

खोकला आला.

सूनबाईंनी अंगठ्यानं तेवढी रेघ पुसली आणि केसभर वर ओढली. सर्जन आरशातून काळजीनं बघत होते.

“जुना आहे,” मास्तर त्यांना म्हणाले. “यावर औषध नाही. तुम्ही ताठ उभे राहा.”